वरच्या टोकाचं शून्य: तीन स्थानकांच्या वाऱ्यांवरून हवेची उभी गती काढण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका छोट्या संशोधनगटाचं आहे. ठिकाण, तारीख आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत, आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. गटात पीएचडी करणारी एक विद्यार्थिनी, तिचे मार्गदर्शक आणि निरीक्षणांच्या नोंदी सांभाळणारा एक सहकारी असे तिघे होते. मध्य अक्षांशांतल्या एका प्रदेशावरून वरच्या थरातली द्रोणी (कमी दाबाचा लांबट पट्टा) सावकाश सरकत गेली आणि तिच्या पुढच्या बाजूला बारा तास संथ, एकसारखा पाऊस पडला. गडगडाट नव्हता, थांबून थांबून येणाऱ्या सरीही नव्हत्या. गटाला या पावसाचा बाष्पाचा ताळेबंद मांडायचा होता. त्यासाठी सगळ्यात आधी एक गोष्ट लागते: त्या सबंध प्रदेशावरची हवा सरासरी किती वेगाने वर चढत होती?

हा वेग उपकरणाने सरळ मोजावा असा नसतो. अशा पावसात हवा सेकंदाला काही सेंटीमीटरच वर चढते. त्याच हवेचा आडवा वेग सेकंदाला १० ते ५० मीटर असतो, आणि मोजणारा फुगा स्वतःच सेकंदाला सुमारे ५ मीटर वर जात असतो. उभ्या दिशेने रोखलेला रडार वापरावा, तर त्याचा झोत एक अंश जरी कलला तरी ३० मीटरच्या आडव्या वाऱ्यातून अर्ध्या मीटरची खोटी उभी गती निघते. शिवाय रडारला फक्त आपल्या डोक्यावरचा स्तंभ दिसतो, आणि तिथे गुरुत्व तरंगांमुळे हवा सतत वर-खाली होत असते. शेकडो किलोमीटरवरची सरासरी उभी गती त्यामुळे दुसऱ्या गोष्टींवरूनच काढावी लागते. या क्षेत्रात ती ओमेगा या रूपात लिहितात. ओमेगा म्हणजे हवेच्या कणावरचा दाब सेकंदाला किती बदलतो ते. हवा वर चढत असेल तर ओमेगा उणे. उंचीही इथे दाबानेच सांगतात, वर जावं तसा दाब कमी होतो; ५०० हेक्टोपास्कल म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर उंची. त्या पातळीवर उणे ०.३४ पास्कल प्रति सेकंद म्हणजे साधारण ५ सेंटीमीटर प्रति सेकंद वर.

हाताशी होती तीन रेडिओसोंडे (फुग्याला बांधून वर सोडायची मोजणीची उपकरणं) स्थानकं, एकमेकांपासून साधारण ४०० किलोमीटरवर, जवळजवळ समभुज त्रिकोणात. फुगे दर बारा तासांनी सुटत, आणि त्यातला एक वेळ पावसाच्या बरोबर मध्यावर आला होता. त्रिकोणात पर्जन्यमापकांचं दाट जाळं होतं. याशिवाय जागतिक विश्लेषणांचं, म्हणजे निरीक्षणांवरून संगणकाने मांडलेल्या जगभरच्या वातावरणाच्या चित्राचं, जाळीवरचं साहित्य होतं.

पहिलं उत्तर आणि त्यातली अडचण

विद्यार्थिनीने सुरुवात सर्वांत सरळ मार्गाने केली. त्रिकोणाच्या तीन टोकांवरच्या वाऱ्यांवरून प्रत्येक थरातलं अपसरण काढायचं, म्हणजे त्या थरात हवा बाहेर पसरते आहे की आत गोळा होते आहे ते पाहायचं. त्रिकोणावरून हे काढण्याची पद्धत बेलामी यांनी १९४९ साली मांडली. मग सातत्य समीकरणाच्या आधारे जमिनीपासून वरपर्यंत बेरीज करत जायचं. खालच्या थरात हवा आत येत असेल तर ती वर चढल्याशिवाय गत्यंतर नाही, एवढंच त्यामागचं तत्त्व. तिने १००० ते १०० हेक्टोपास्कल असे ५०-५०चे १८ थर घेतले आणि जमिनीलगत ओमेगा शून्य धरला.

मधल्या पातळ्यांवर उत्तर पटण्यासारखं आलं: ८५० हेक्टोपास्कलवर उणे ०.२०, ५०० वर उणे ०.५०. पण १०० हेक्टोपास्कलवर, तपस्तब्धीच्याही (ढग-पावसाचा थर जिथे संपतो त्या सीमेच्याही) वर स्थितांबरात, ओमेगा शून्याजवळ यायला हवा होता. आला उणे ०.४०.

ही चूक आहे की खरंच काही घडत होतं, याचा निकाल जमिनीवरच्या वायुभारमापकाने लावला. वाऱ्यांची बेरीज खरी मानली, तर त्रिकोणावरच्या हवेच्या स्तंभात इतकी हवा कोंबली जात होती की जमिनीवरचा दाब तासाला १४ हेक्टोपास्कलने चढायला हवा होता. वायुभारमापकांनी त्या सबंध दिवसात जेमतेम काही हेक्टोपास्कलचा बदल दाखवला. या सापळ्याची सगळ्यात प्रसिद्ध नोंद लुईस फ्राय रिचर्डसन यांच्या गणितात आहे. १९२२ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पहिल्या संख्यात्मक अंदाजात सहा तासांत १४५ हेक्टोपास्कलचा दाबबदल निघाला होता, आणि त्याचं मूळही सुरुवातीच्या माहितीतल्या असंतुलित अपसरणातच होतं. स्तंभात एका थरात येणारी आणि दुसऱ्या थरातून जाणारी हवा जवळजवळ एकमेकांना कापतात. जे उरतं ते फार थोडं असतं, आणि वाऱ्याच्या मोजणीतली छोटी चूक नेमकी त्या उरलेल्या भागाएवढी असते.

या त्रिकोणासाठी ती किती होती, हे आकड्यांत पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. प्रत्येक स्थानकाच्या वाऱ्यात एका मीटरची अनिश्चितता धरली, तर अपसरणात प्रति सेकंद अर्ध्या लक्षांशाची अनिश्चितता येते. खरं अपसरणच मुळात एका लक्षांशाच्या आसपास असतं. चूक थराथरांत स्वतंत्र असती, तर अठरा थरांत ती बरीचशी एकमेकींना खाऊन १०० हेक्टोपास्कलवर ०.१ पास्कलच्या आसपास राहिली असती. पण तीच चूक सगळ्या थरांत एकाच बाजूला झुकलेली असली, तर वर पोचेपर्यंत ती ०.४५ होते. बेरजेत हातचा चुकला की पुढची प्रत्येक ओळ चुकते, तसं हे आहे. उणे ०.४० हा आकडा त्यामुळे थेट सांगत होता की इथली चूक नुसती विखुरलेली नाही, एका बाजूला कललेली आहे.

समोरचे पर्याय

वाऱ्यांचा मार्ग सोडून तापमानावरून ओमेगा काढावा, हा पहिला पर्याय. चढणारी हवा प्रसरण पावून थंड होते. एखाद्या ठिकाणचं तापमान किती बदललं, आडव्या वाऱ्याने किती उष्ण हवा आणली, आणि या दोन्हींचा मेळ बसायला किती चढण लागेल, असा हा हिशेब. त्रिकोणावर ५०० हेक्टोपास्कलला वारा तासाला ०.३६ अंशांइतकी उष्णता आणत होता आणि तिथलं तापमान मात्र जवळपास स्थिर होतं. त्यावरून ओमेगा निघाला उणे ०.२०. पण हे कोरड्या हवेचं उत्तर. पावसाच्या ढगात बाष्पाचं पाणी होताना सुप्त उष्णता बाहेर पडते, त्यामुळे तेवढंच थंड व्हायला हवेला जास्त चढावं लागतं. ही भरपाई करायला गेलं की स्थैर्याने, म्हणजे उभ्या हालचालीला हवा किती विरोध करते त्या आकड्याने, भागावं लागतं, आणि संपृक्त हवेचं स्थैर्य त्या दिवशी शून्याजवळ होतं. भागाकार कुठल्याही आकड्यावर जाऊन बसत होता. या मार्गाने एवढंच पक्कं कळलं की खरी चढण उणे ०.२० पेक्षा जोरदार असली पाहिजे.

क्वासी-जिओस्ट्रॉफिक ओमेगा समीकरण हा दुसरा पर्याय. वारा दाबातल्या फरकाशी आणि पृथ्वीच्या फिरण्याशी जवळजवळ समतोल राखतो, असं धरून ते मांडलेलं आहे. त्यात मोजलेल्या वाऱ्याचं अपसरण लागतच नाही. दाबपातळ्यांची उंची आणि तापमान पुरतं, आणि हॉस्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली दिलेल्या क्यू-सदिशाच्या रूपात ते वापरायलाही सुटसुटीत आहे. पण त्यात दुसरे विकलज (बदलाच्या दराचा पुन्हा बदलाचा दर) घ्यावे लागतात, ते तीन स्थानकांवरून निघत नाहीत. गटाने ते जागतिक विश्लेषणाच्या जाळीवरून काढलं. चढण कुठे आणि कधी सर्वाधिक होती हे त्याने छान दाखवलं, द्रोणीच्या पुढे आणि त्रिकोणाच्या मध्याजवळ. पण सुप्त उष्णता त्यातही नव्हती, म्हणून जोराचा आकडा तिथून घेणं योग्य नव्हतं.

तिसरा पर्याय सर्वांत सोपा होता: ईआरए५ सारख्या रीअ‍ॅनालिसिसमधला (जुनी निरीक्षणं आणि हवामानाचं संगणकी प्रारूप यांची सांगड घालून केलेल्या साहित्यातला) तयार ओमेगा उचलायचा. तासातासाला, सुमारे ३१ किलोमीटरच्या जाळीवर तो मिळतो. त्रिकोणावर सरासरी घेतल्यावर ५०० हेक्टोपास्कलला तो उणे ०.३८ होता. सहकाऱ्याचं म्हणणं होतं की इथेच थांबावं. मार्गदर्शकांचा आक्षेप असा की तो ओमेगा मोजलेला नसतो, प्रारूपाने घडवलेला असतो, आणि ढगांची प्रक्रिया प्रारूपात जशी बसवली आहे तशी त्याची चढण येते. ताळेबंद मांडायचा होता तो अशी प्रारूपं तपासण्यासाठीच. तपासणीचं साधन म्हणून तोच ओमेगा घेणं त्यांना मान्य नव्हतं, आणि मलाही त्यांचंच बरोबर वाटतं.

उरला चौथा मार्ग: वाऱ्यांवरूनच जायचं, पण वरच्या टोकाला उरलेली चूक सगळ्या थरांत वाटून काढायची. गटाने तो निवडला. खरे निर्णय इथून पुढे सुरू झाले.

निर्णयाची पहिली जागा: जमीन सपाट नाही

दुरुस्तीला हात घालण्याआधी विद्यार्थिनीने खालची सीमाअट पुन्हा पाहिली. त्रिकोणातली जमीन २०० किलोमीटरमध्ये २०० मीटर चढत होती आणि त्या दिवशी जमिनीलगतचा वारा नेमका चढाच्या दिशेने, सेकंदाला ८ मीटरने वाहत होता. म्हणजे जमिनीलगतच हवा सेकंदाला ०.८ सेंटीमीटर वर ढकलली जात होती. तळाचा ओमेगा शून्य नव्हता, उणे ०.०९ होता.

हा आकडा घातला की बेरजेतल्या प्रत्येक पातळीला तो चिकटतो. ५०० हेक्टोपास्कलवर उणे ०.५९ झाला आणि १०० वर उणे ०.४९.

“सर, ही दुरुस्ती केली तर वरचं अंतर आणखी वाढतं,” तिने सांगितलं.

“वाढू दे. जमिनीचा चढ आपल्याला माहीत आहे. वर काय चुकलंय ते अजून माहीत नाही.”

या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निर्णय हाच. वरच्या टोकाचं अंतर हीच गुणवत्तेची एकमेव कसोटी धरली असती, तर खरी असलेली गोष्ट टाकून द्यावी लागली असती, कारण ती टाकल्याने आकडा सुधारत होता. आणि अंतर शून्य करणं मुळात फार सोपं असतं. दुरुस्ती कशीही वाटा, वर शून्य येणारच, कारण दुरुस्तीची व्याख्याच तशी आहे. वर आलेल्या शून्यावरून मधल्या थरांतल्या आकड्यांबद्दल काहीच कळत नाही.

दुसरी जागा: वर नक्की शून्यच का धरायचं

१०० हेक्टोपास्कलवर ओमेगा शून्य हे एक गृहीतक होतं, मोजमाप नव्हतं. इथे तापमानाची पद्धत, जी खाली पावसात लंगडी पडली होती, ती कामाला आली. स्थितांबरात हवा कोरडी असते, बाष्पाचं पाणी होण्याचा प्रश्न नाही, आणि स्थैर्य ५०० हेक्टोपास्कलच्या तुलनेत सुमारे बारा पट. तितक्याच तापमानबदलासाठी तिथे कितीतरी कमी उभी गती पुरते. तेवढाच तासाला ०.३६ अंशांचा फरक तिथे धरला, तरी ओमेगा ०.०२ पास्कलच्या आतच राहत होता. शून्याचं गृहीतक अशा रीतीने वेगळ्या वाटेने तपासलं गेलं, आणि त्याची अनिश्चितताही हाती आली.

फुगे वर जाताना वाहून जातात, तेही या टप्प्यावर हिशेबात घेतलं. १६ किलोमीटर उंची गाठायला फुग्याला पाऊण तासाहून बराच अधिक वेळ लागतो, आणि सरासरी ३० मीटरच्या वाऱ्यात तेवढ्यात तो शंभरेक किलोमीटर पुढे गेलेला असतो. तिन्ही फुगे जवळपास एकाच दिशेने वाहिल्याने त्रिकोणाचा आकार फारसा बिघडला नव्हता, जागा सरकली होती. प्रत्येक थरासाठी त्रिकोण नव्याने मांडला, पण आकड्यांत मोठा फरक पडला नाही.

तिसरी जागा: चूक कुठल्या थरात आहे

उरलेले उणे ०.४९ वाटायचे कसे? सगळ्या थरांतल्या अपसरणातून सारखीच वजाबाकी केली तर ५०० हेक्टोपास्कलवर उणे ०.३२ येतो. ओब्रायन यांनी १९७० साली सुचवलेली पद्धत वापरली, ज्यात अपसरणातली दुरुस्ती उंचीबरोबर सरळ रेषेत वाढत जाते, तर उणे ०.४३ येतो. तेच वारे, तेच शून्य, आणि मध्यावरच्या चढणीत तिसऱ्या हिश्श्याचा फरक. बरेच अहवाल इथे “ओब्रायन दुरुस्ती केली” एवढं एका ओळीत लिहून पुढे जातात. या गटाने ती इथे लागू का पडावी, असा प्रश्न विचारला.

उत्तर सहकाऱ्याने शोधलेल्या स्थानक-नोंदींत सापडलं. तीनपैकी दोन स्थानकांवर फुग्याची जागा उपग्रहांवरून कळत होती, तिथल्या वाऱ्यात चूक फार थोडी. तिसऱ्या स्थानकावर मात्र अजून जुनी पद्धत होती: जमिनीवरची अँटेना फुग्याचा कोन मोजते, उंची दाब-तापमानावरून काढतात, आणि दोन्हींवरून आडवं अंतर. फुगा जवळ असताना हे ठीक चालतं. पण जोरदार वाऱ्यात तो लांब जातो आणि क्षितिजाजवळ दिसू लागतो. फुगा १० किलोमीटर उंचीवर असताना त्याचा कोन ४५ अंश असेल, तर कोनातल्या ०.१ अंशाच्या चुकीने जागेत ३५ मीटरचा फरक पडतो. कोन १५ अंशांवर उतरला, की त्याच ०.१ अंशाने २६० मीटर. वारा म्हणजे अशा दोन जागांमधलं अंतर भागिले वेळ. अँटेनाची पातळी किंचित कललेली असेल, तर चूक सतत एकाच बाजूला जाते. सुरुवातीच्या आकड्याने सुचवलेली एकतर्फी चूक कुठून येत असावी, ते इथे दिसलं.

त्या दिवशीच्या कोनांच्या नोंदी काढल्या. ६०० हेक्टोपास्कलपर्यंत कोन चांगला मोठा होता. त्यानंतर जेट प्रवाहाच्या (खूप उंचावरच्या अतिवेगवान वाऱ्याच्या) पातळीकडे जाताना तो झपाट्याने उतरला आणि पुढे खालीच राहिला. म्हणजे ओब्रायन यांची दिशा बरोबर होती, पण चूक सरळ रेषेत वाढत नव्हती, वरच्या अर्ध्या भागात एकवटलेली होती. गटाने प्रत्येक थराला त्या थरातल्या कोनावरून अंदाजलेल्या चुकीच्या प्रमाणात वजन दिलं आणि दुरुस्ती त्यानुसार वाटली. ५०० हेक्टोपास्कलवर उणे ०.४६ आला, ८५० वर उणे ०.२८.

पावसाची कसोटी

एक मोह वाटेतच टाळला गेला होता. पर्जन्यमापकांची सरासरी सुरुवातीपासून उपलब्ध होती, बारा तासांत सुमारे १० मिलीमीटर. जी दुरुस्ती या आकड्याशी जुळेल ती निवडावी, अशी सूचना चर्चेत आली होती. मार्गदर्शकांनी ती मान्य केली नाही. पावसाशी जुळवून ओमेगा ठरवायचा आणि मग त्याच ओमेगाने पावसाचा ताळेबंद जमला म्हणायचं, हा वर्तुळात फिरणारा युक्तिवाद झाला असता. पाऊस शेवटपर्यंत बाजूला ठेवला.

शेवटी तो ढोबळ मानाने ताडून पाहिला. ८५० हेक्टोपास्कलवरून वर चढणाऱ्या हवेत किलोमागे ८ ग्रॅम बाष्प होतं. त्या सगळ्याचं वर जाऊन पाणी होतं असं धरलं, तर उणे ०.२८ ओमेगाने बारा तासांत साधारण ९.९ मिलीमीटर पाऊस होतो. सारख्या वाटणीच्या दुरुस्तीने ७.४, आणि जमिनीचा चढ न धरता केलेल्या ओब्रायन दुरुस्तीने ६.६. ढोबळ गणितात दशांशाच्या जुळण्याला मी फार किंमत देणार नाही. ८५० च्या वर आडव्याने आलेलं बाष्प यात नाही, ढगात शिल्लक राहिलेलंही नाही, आणि एका क्षणाची चढण बारा तास चालली असं धरलं आहे. पण जमिनीचा चढ टाकून दिला असता तर पावसाचा तिसरा हिस्सा हिशेबाबाहेर राहिला असता, हे त्यातून नक्की दिसतं.

निष्पत्ती

गटाने ५०० हेक्टोपास्कलसाठी एकच आकडा न देता उणे ०.४० ते उणे ०.५० अशी व्याप्ती दिली, म्हणजे सेकंदाला ६ ते ७ सेंटीमीटरच्या आसपास चढण. रीअ‍ॅनालिसिसचा उणे ०.३८ या व्याप्तीच्या किंचित बाहेर पडतो. प्रारूप चढण कमी दाखवतं, असा निष्कर्ष गटाने काढला नाही. एका प्रसंगावरून तो काढता येत नाही, आणि हेच फुगे रीअ‍ॅनालिसिसमध्येही वापरले गेलेले असल्याने दोन्ही आकडे पूर्ण स्वतंत्र नाहीत. कच्चा ओमेगा, चढ धरलेला ओमेगा आणि तिन्ही दुरुस्त्यांचे ओमेगा अशी पाचही उत्तरं साहित्यासोबत ठेवली गेली.

वेगळं काय करता आलं असतं

स्थानक-नोंदी सर्वांत आधी उघडायला हव्या होत्या. निर्णायक माहिती तिथे होती, आणि ती हाती येईपर्यंत दुरुस्त्यांच्या सूत्रांवर बराच वेळ गेला. अशा कामात मी तरी आता पहिला प्रश्न हाच विचारेन की वारा कशाने मोजला.

तीन स्थानकांत त्रिकोणाच्या आत वारा सरळ रेषेत बदलतो असं धरावंच लागतं, आणि ते खरं आहे का हे तपासायला काहीही उरत नाही. चौथं स्थानक असतं तर त्याच वाऱ्यांतून चार वेगवेगळे त्रिकोण पडले असते आणि त्यांच्यातल्या तफावतीवरूनच अनिश्चितता मोजता आली असती. जवळच, त्रिकोणाच्या थोडं बाहेर, असं एक स्थानक होतंही. ते दूर पडतं म्हणून वगळलं गेलं. निदान तपासणीसाठी ते घ्यायला हवं होतं.

पद्धतींचा क्रमही आधी लिहून ठेवता आला असता: कुठली सीमाअट, कुठली दुरुस्ती, आणि कसोटीसाठी काय राखून ठेवायचं. इथे पाऊस राखून ठेवला गेला तो मार्गदर्शकांच्या सवयीमुळे, ठरवलेल्या नियमामुळे नव्हे.

आणि बारा तासांचं अंतर. तापमानाच्या पद्धतीत दोन फुग्यांमधला बदल सरळ रेषेत झाला असं धरतात, पण द्रोणी मध्येच येऊन गेली तर तो बदल मधेच वर जाऊन परत खाली आलेला असतो आणि दोन्ही टोकांना काहीच दिसत नाही. ५०० हेक्टोपास्कलवरचं तापमान “स्थिर” दिसलं त्यात याचा किती भाग होता, हे या साहित्यातून सांगता येणार नाही. पुढच्या मोहिमेसाठी गटाने दर सहा तासांनी फुगे सोडण्याची मागणी केली आहे, आणि तिसऱ्या स्थानकावर पावसाच्या दिवसांपुरते तरी उपग्रहावरून जागा कळणारे रेडिओसोंडे द्यावेत, अशीही.